ओलुफ झोपलेला नाही

१९ ऑगस्ट, सोमवार

ही वही बेन्तेनं दिली. चर्चच्या तळघरात दर सोमवारी आम्ही जमतो, ज्यांच्या घरातलं कुणी गेलंय असे सातआठ जण, आणि बेन्ते मधोमध मेणबत्ती लावून आम्हाला बोलतं करू पाहते. आज म्हणाली, "रिगमोर, तू इथं तोंड उघडत नाहीस. निदान लिही तरी. मनात येईल ते." मी म्हटलं, माझ्या मनात मासे येतात. म्हणाली, मग मासे लिही. ठीक आहे. तिची जिरवायची म्हणून मासेच लिहीन.

तर मी रिगमोर. वय बहात्तर, गुडघे सोडले तर ठणठणीत. आयुष्यभर शाळेच्या दातांच्या दवाखान्यात मदतनीस होते. या गावातल्या निम्म्या लोकांच्या तोंडात मी डोकावलेय, म्हणून रस्त्यात मला बघून ते हसतात तेही ओठ मिटून. मुलगा ट्रोएल्स. सून जानिके. नात विगा, सात वर्षांची. मार्चपासून शुक्रवार माझा आहे. शाळा सुटली की विगाला मी घेते आणि आम्ही मत्स्यालयात जातो. ट्रोएल्सबद्दल मी लिहिणार नाही. आधीच सांगून ठेवते.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

वारा असा की गाडीचं दार उघडेना. बंदरावर झेंडे फाटायला आलेले. आत गेलं की मात्र सगळं शांत, निळं आणि ओलसर. वर्षभराचा पास असल्यामुळे तिकिटाची पोरगी आम्हाला हातानंच आत ढकलते.

आमचा क्रम ठरलेला आहे. आधी निळा शेवंड, म्हणजे लॉबस्टर. लाखात एखादा असा निळा निपजतो म्हणे, पण त्याला त्याचं काही नाही, दगडाखाली ढुंगण करून बसलेला असतो. मग लांडगामासा. त्याचे दात बघितले की माझा जीव सुखावतो, पुढे सुळे आणि मागे दळायला खलबत्ता. मग स्टर्जन, आपल्या नद्यांतून नाहीसा झालेला, लांब नाकाचा, रुसलेल्या पाद्र्यासारखा तळाशी फेऱ्या घालणारा. आणि शेवटी मोठी टाकी, म्हणजे ओलुफ.

ओलुफ हा सनफिश. दाराएवढा गोल, मागून जणू कुणी कुऱ्हाडीनं तोडलाय असा, शेपटी नाहीच. कोळ्यांच्या जाळ्यात जिवंत सापडला तेव्हा तीन वर्षांपूर्वी अख्खं गाव धक्क्यावर जमलं होतं. असा मासा टाकीत टिकत नाही म्हणतात. आमचा टिकला. काचेवर आपटू नये म्हणून त्याच्यासाठी आत पडदा लावलाय. त्याचं तोंड मिटत नाही, दातच तसे जुळलेले असतात. त्यामुळे सतत काहीतरी सांगायचं राहून गेल्यासारखा दिसतो.

विगा काचेला नाक लावून उभी. ओलुफ पाण्यात आडवा, हलत नव्हता. ती बोटानं टकटक करायला लागली.

"काचेवर वाजवू नये," मी म्हटलं.

"तो झोपला असेल तर?"

"मग झोपू दे की."

"नको," ती म्हणाली आणि ओलुफनं पंख हलवेपर्यंत वाजवत राहिली.

या पोरीचं झोपेशी एवढं काय वाकडं आहे कळत नाही.

३० ऑगस्ट, शुक्रवार

जानिके विगाला न्यायला आली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. स्वयंपाकघराचे ओटे-कपाटं विकायच्या दुकानात दिवसभर उभी असते, त्यात रात्रीचं जागरण. विगा झोपत नाही. झोपली तरी उठते, आईच्या तोंडावर बॅटरी मारते, तिला हलवून उठवते, उठली की समाधानानं परत पडते. मार्चपासून हे चाललंय.

मी म्हटलं, तो फोन काढून घे तिच्या हातातला. आजकालची मुलं त्या उजेडानं बिघडतात.

"तिच्याकडे फोन नाही, रिगमोर."

"मग तुझा बघत असेल."

ती विगाचे बूट शोधायला लागली. ही काही न बोलण्याची तिची सवय मला पहिल्यापासून आवडत नाही.

आणि ट्रोएल्सचं मनाला लागलं म्हणावं, तर तसंही नाही. त्या दिवशी इस्पितळात मुलगी अगदी शहाण्यासारखी वागली होती. जानिके अजून रस्त्यात होती, शेजारीण विगाला घेऊन आली, कुणीतरी तिला सांगायला हवंच होतं. मीच तिला मांडीवर घेतलं आणि म्हटलं, बाबा झोपला गं, शांत झोपला. तिनं मान डोलावली आणि बिस्किट खाल्लं. मुलं समजूतदार असतात, त्यांना नीट सांगितलं की झालं. म्हणजे कारण ते नाही. कारण तो फोनच.

२ सप्टेंबर, सोमवार

ओलुफ मेला. तिकिटाच्या पोरीनं सकाळी फोन करून सांगितलं, बाहेरून कळण्याआधी तुला कळावं म्हणून. रडत होती. मी म्हटलं, नाक पूस आणि सांग, त्याला उघडणार कधी?

आमच्या गावात ही पद्धत आहे. मत्स्यालयात मोठा प्राणी मेला की शीतगृहात ठेवतात आणि ऑक्टोबरच्या शाळेच्या सुट्टीत मुलांसमोर उघडतात, म्हणजे सुरीनं चिरून आतलं सगळं दाखवतात. पुढच्या बाकांवर लहान मुलं, मागं आईबाप, नंतर कॉफी आणि दालचिनीचे रोल. ट्रोएल्सनं सहा वर्षांचा असताना मुशीचं, म्हणजे छोट्या शार्कचं, काळीज हातात धरलं होतं आणि आठवडाभर हात धुतला नव्हता.

हे शेवटचं वाक्य चुकून लिहिलं. राहू दे.

५ सप्टेंबर, गुरुवार

अंगाचा तिळपापड झालाय. मत्स्यालयाच्या दारात फुलं, मेणबत्त्या, मुलांनी काढलेली चित्रं, आणि मधे लाकडी पाटीवर सुंदर अक्षरात: "आपला लाडका ओलुफ शांत झोपला."

झोपला? तीनशे किलोचा मासा मागं शीतगृहात दगड होऊन पडलाय.

सरळ अस्गरच्या खोलीत गेले. हा नवा संचालक, कोपनहेगनहून आलेला, दाढी राखलेला, पायात महागडे गमबूट. म्हणाला, "रिगमोर, बस. कॉफी?"

"कॉफी नको. सुट्टीत उघडणार ना?"

"यंदा नाही. जनावरांची डॉक्टर सोल्वाय आत, दार लावून करेल तिचं काम. मागच्या वेळचं चित्रीकरण कुणीतरी इंटरनेटवर टाकलं, जगभरातून शिव्या आल्या. राक्षस म्हणाले आम्हाला. आणि ओलुफ म्हणजे काही साधा मासा नाही. मुलं त्याच्यावर प्रेम करत होती."

"म्हणून तर त्यांना बघायचंय तो कशानं मेला."

"काळ बदललाय."

"काळ बदलला म्हणून मासा झोपायला लागला का? आयुष्यभर मी पोरांना सांगत आले, दुखणार आहे, थोडंच, मी सांगेन तेव्हा. एकानंही माझं बोट चावलं नाही. ज्यांना आया सांगून आणायच्या 'काही होणार नाही रे बाळा', तीच चावायची."

त्यानं दाढी खाजवली आणि माझ्या मताचा आदर करतो म्हणाला. मताचा आदर म्हणजे दार तिकडे आहे. निघताना ती पाटी उलटी करून ठेवली.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

काल मत्स्यालयाच्या मित्रमंडळाची वार्षिक सभा झाली. आज सबंध गाव मला बघून हसतंय, आणि या वेळी दात दाखवून, म्हणून सविस्तर लिहिते.

गोष्ट अशी की ठराव आठवडाभर आधी पाठवावा लागतो. मी रागाच्या भरात तेच विसरले. बहात्तर वर्षं या देशात काढून. मग उरतो शेवटचा विषय, "इतर". "इतर"मध्ये काहीही बोलता येतं, पण काहीही ठरवता येत नाही, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. तोवर केक संपलेला असतो आणि लोक कोट घालत असतात.

मी उठले. म्हटलं, "कोट खाली ठेवा. दारात एक पाटी आहे, ओलुफ झोपला म्हणून. या गावात आपण मुलांना कधी असलं काही सांगितलं नाही. समुद्रात माणसं गेली तेव्हा गेली म्हणून सांगितलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. उद्या एखादं पोर काच वाजवून त्याला उठवायला बघेल, तेव्हा त्याला कोण उत्तर देणार, अस्गर? तू?"

अध्यक्ष म्हणाले, "रिगमोर, तुझं म्हणणं पोचलं. पण हा 'इतर' विषय आहे. मतदान घेता येत नाही."

"मतदान कोण मागतंय? इतका वेळ बसून खांदे आखडलेत सगळ्यांचे. ज्यांना वाटतं ओलुफला मुलांसमोर उघडावं, त्यांनी जरा हात वर करून खांदे मोकळे करा."

आधी हसू फुटलं. मग मागच्या ओळीतल्या कोळ्यांनी हात वर केले. मग शाळेच्या बाईंनी. मग एकदम सगळ्यांनीच. तिकिटाच्या पोरीनं दोन्ही केले. अध्यक्षांनी स्वतःचा हात अर्धाच वर केला, कानाशी, म्हणजे खाजवतोय म्हणता यावं.

अस्गर लाल झाला. पण माणूस अगदीच वाईट नाही. उठून म्हणाला, "काही ठरलेलं नाही हे मी ऐकलं. आणि हात दिसले, तेही मी पाहिलं." आज सकाळी पाटी काढलेली होती आणि तिथं नवा कागद: सोळा ऑक्टोबर, बुधवार, दुपारी.

विगाला घेऊन गेले आणि वाचून दाखवलं. मोठ्या टाकीत आता नुसतं पाणी आणि तो पडदा.

"उघडतात म्हणजे आतलं सगळं दिसतं?" तिनं विचारलं.

"सगळं."

"हृदय पण?"

"हृदय पण."

"मला ते बघायचंय. हात लावून."

घरी येईपर्यंत ती दुसरं काही बोलली नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

जानिकेकडे जेवायला गेले होते. हेरिंग मासे, राय धान्याचा काळा ब्रेड, उकडलेले बटाटे. ट्रोएल्सची खुर्ची तिनं भिंतीकडे सरकवून त्यावर कपड्यांची टोपली ठेवलीय. मी ती टोपली खाली ठेवली. तिनं परत वर ठेवली. मग विगा बाहेर खेळायला गेली.

"सोळा तारखेला ओलुफला उघडणार आहेत," मी म्हटलं. "त्या दिवशी विगा माझ्याकडेच आहे. तिला नेते."

"नाही."

"का?"

"या पोरीनं यंदा पुरेसं पाहिलंय."

"तिनं काहीच पाहिलेलं नाही. तिला कुणी काही दाखवलंच नाही. परवा मला विचारते, ओलुफ शीतगृहातून उठून आला तर त्याला टाकी सापडेल का. कुणी भरवलं हे तिच्या डोक्यात?"

जानिके माझ्याकडे बघत राहिली. मग ताटल्या गोळा करायला लागली. माझं जेवण व्हायचं होतं, तरी माझीही उचलली.

"तुझं म्हणजे आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून," ती नळाकडे तोंड करून म्हणाली.

कशावरून म्हणाली, कोण जाणे. मी काय झाकलंय? सगळ्या गावात मी फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे.

"आणि ऐक," ती म्हणाली, "तू तिला नेलंस, तर शुक्रवार बंद. मी गंमत करत नाही."

"मी पण करत नाही," मी म्हटलं. उरलेला बटाटा हातात घेऊनच निघाले.

७ ऑक्टोबर, सोमवार

बऱ्याच दिवसांनी गटाला गेले. बेन्तेनं विचारलं, लिहितेस का? मी म्हटलं, मासे लिहिते. तिनं मान तिरकी केली. या बाईच्या मानेला काहीतरी झालंय.

१३ ऑक्टोबर, रविवार

शुक्रवार गेले तर माझ्याकडे काय उरतं, ते आज बसून पाहिलं. सोमवारचं तळघर. गुरुवारी केस धुणं. बास. शुक्रवार हाच काय तो आठवडा. विगा चालताना पायाचे अंगठे वर करते, अगदी बापासारखी, बुटांना वरून भोकं पडतात. ते बघायला मिळणार नाही.

शिवाय जानिके आई आहे आणि मी नाही. हे मला कळतं. मी काही दगड नाही. समजा विगा तिथं घाबरली, ओरडत बाहेर पळाली, आणखीच झोपेनाशी झाली, तर मी कुठल्या तोंडानं सांगणार?

परवा मात्र विगा गाडीत म्हणाली, "आजी, तू रात्री झोपतेस?" मी म्हटलं, झोपते की. तर म्हणाली, "नको ना झोपत जाऊस." गाडी बाजूला घ्यावी लागली मला.

जायचं. जानिकेचं काय ते नंतर निस्तरेन.

१६ ऑक्टोबर, बुधवार

मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मांडलं होतं. बाक, प्लास्टिकचे एप्रन, ज्यांना हवेत त्यांना नाकाला लावायला कपड्यांचे चिमटे. अर्धं गाव आलं होतं. मोठ्या पोलादी मेजावर ओलुफ, बर्फ उतरलेला, करडा. पाण्यात दाराएवढा वाटायचा, बाहेर अख्खी भिंत वाटला. वासाचं काय लिहावं, अजून केसांत आहे.

आम्ही पहिल्या बाकावर. विगानं चिमटा घेतला नाही.

सोल्वाय ही इथली जनावरांची डॉक्टर, दंड कोळ्यासारखे, बोलणं मोजकं. आधी म्हणाली, "ज्याला बाहेर जावंसं वाटेल त्यानं जावं, कुणी हसणार नाही." मग सुरी चालवली. वरची कातडी बोटभर जाड, आत पांढरा लगदा. मग कल्ले, मग आतडी, लांबच लांब, पोरं ओरडून मोजायला लागली. आतड्यात किडे होते. अस्गर आत आला, ते बघून बाहेर गेला. सोल्वायनं यकृत उचलून दाखवलं, पिवळट, गाठी गाठी आलेलं. "हे बघा. यानं मेला तो. बराच काळ आजारी होता. आपल्याला बाहेरून दिसलं नाही."

"त्याला दुखत होतं?" एका मुलानं विचारलं.

"मला वाटतं, हो."

विगानं हात वर केला. शाळेत करतात तसा, कोपर दुसऱ्या हातानं धरून. "तो झोपलाय का?"

मागची मोठी पोरं खिदळली. सोल्वाय हसली नाही. सुरी खाली ठेवून मेजाला वळसा घालून आमच्यासमोर आली आणि उकिडवी बसली.

"नाही. मेलाय. झोपलेल्याचं हृदय चालू असतं. काल रात्री तू झोपली होतीस तेव्हा तुझं चालू होतं. ये, दाखवते."

तिनं कल्ल्यांच्या मागं हात घालून हृदय कापून काढलं. एवढा मोठा मासा आणि हृदय माझ्या मुठीएवढं. विगाला हातमोजा घातला आणि तिच्या तळव्यावर ठेवलं. पोरीचा हात खाली गेला, मग तिनं सावरला. दाबून पाहिलं. कानाला लावलं, गालावर पाणी ओघळलं.

"आता हे परत सुरू होत नाही?"

"नाही."

"झोपलं की थांबतं असं कधी होतं?"

"झोपेनं हृदय थांबत नाही. आजारानं थांबतं, मार लागून थांबतं, म्हातारपणानं थांबतं. झोप त्याच्या कामाची असते."

विगानं दुसरा हात स्वतःच्या छातीवर ठेवला, मग माझ्या. सगळा एप्रन माखला माझा. किती वेळ तशी उभी होती. मग तिनं ते हृदय पुढच्या मुलाला नीट दिलं, ताटली देतात तसं.

रोल खाल्ले नाहीत. गाडीत बसल्यावर पट्टा लावताना म्हणाली, "बाबाचं पण थांबलं?"

"हो."

"म्हणजे तो झोपला नव्हता."

ती आरशातून माझ्याकडे बघत होती. तेव्हा मला कळलं, ती माझ्याकडेच का बघतेय. जानिके त्या रविवारी तशी का बघत होती, तेही.

"नाही," मी म्हटलं. "झोपला नव्हता. मेला. ट्रोएल्स मेला, विगा. त्याच्या हृदयात दोष होता, आपल्याला बाहेरून दिसला नाही."

हे मी मोठ्यानं पहिल्यांदा म्हटलं. गाडी सुरू करता येईना. विगानं मागून माझ्या खांद्यावर तो वासाचा हात ठेवला आणि म्हणाली, "मग तू झोपलीस तरी चालेल."

लपवायचा प्रश्नच नव्हता. मासळीचा असा वास यायचा की जानिकेनं दार उघडलं आणि नाकानंच सगळं समजली. मी म्हटलं, "नेलं तिला. मी नेलं. परत वेळ आली तर परत नेईन." ती म्हणाली, "विगा, आंघोळीला जा." मग मला म्हणाली, "शुक्रवार बंद." दार आपटलं नाही, हळू लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

एकटीच गेले मत्स्यालयात. पास आहे तर का जाऊ नये? निळा शेवंड दगडाखाली होता. पंधरा मिनिटांत परत आले.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

आज दुपारी जानिके आली. एकटी, दुकानाच्या गणवेशातच. मला वाटलं, ख्रिसमसचंही बंद करायला आलीय. मी आधीच कंबर कसून उभी राहिले. म्हटलं, "माफी मागणार नाही."

"मागू नकोस," ती म्हणाली. "विगा झोपते. त्या दिवसापासून सलग. पहिल्या रात्री मीच उठून बघत होते ती श्वास घेतेय का."

मग बसली, कोटसुद्धा न काढता. मी कॉफी केली. दोघीही प्यायलो नाही.

"शुक्रवारचं काय?" मी विचारलं.

"शुक्रवारचं नंतर. विगाला तू सांगितलंस तो कसा गेला. मला नाही सांगितलंस. तिथं तू होतीस, मी नव्हते. मला सगळ्यांनी एकच सांगितलं, त्याला काही कळलंसुद्धा नाही. तूही म्हणालीस तेच, अंत्यविधीला. खरं आहे का ते?"

मी म्हणणार होते, हो. जिभेवर आलं होतं. समोर बसलेली पोरगी सात महिने झोपलेली नव्हती, आणि एक 'हो' म्हटलं असतं तर दोघी सुटलो असतो.

"नाही," मी म्हटलं. "कळलं त्याला."

"सांग."

"बॅडमिंटनच्या हॉलमधे मी कॉफी विकत होते, दर वेळेसारखी. तो खेळता खेळता थांबला. रॅकेट खाली ठेवली. टाकली नाही, ठेवली. माझ्याकडे चालत आला, चांगली आठदहा पावलं, आणि माझ्या टेबलाला धरलं. घाबरला होता, जानिके. लहानपणी सुई बघून व्हायचा तसा चेहरा. मला म्हणाला, 'आई, जानिकेला फोन कर.' मग पडला. लोक धावले, छाती दाबली, हाड मोडल्याचा आवाज आला. रुग्णवाहिकेला दुसऱ्या कुणी फोन केला. मी तुला केला."

ती टेबलाच्या कडेकडे बघत होती.

"तू कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस. कुणीच विचारलं नाही. जो तो येऊन मलाच सांगायचा की त्याला काही कळलं नसेल, आणि मी मान हलवायची."

"माझ्या फोनवर तुझे तीन फोन होते," जानिके म्हणाली. "मी गाडी चालवत होते. नाव दिसलं. म्हटलं, रिगमोर आहे, पोचल्यावर बघू."

"ते माझे नव्हते," मी म्हटलं. "त्याचे होते."

तिनं कपाळ टेबलावर टेकलं आणि रडायला लागली. मोठ्यानं, शेजारच्यांना ऐकू जाईल असं. मीही रडले. तिचा कोट काढला, एक बाही आधी, मग दुसरी. मग तिनं आणखी विचारलं, कुठला शर्ट होता, डोळे उघडे होते का, हात गरम होता का, आणि मी एकेक सांगत गेले, जे होतं ते.